वाचकांचे प्रश्न : डोंगर चढणारी छोटी गाडी

मागील अंकात नेरळ-माथेरान गाडीच्या प्रवासावर एक छोटे टिपण छापले होते. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक पत्रे आली. आपल्याकडे घाट रोजचेच, आणि मिरजेच्या जुन्या नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीची, आठवण अनेक घरांत अजून ताजी, त्यामुळे हे स्वाभाविकच म्हणायचे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही घरचे सहा जण जुलै महिन्यात माथेरानला गेलो. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या आणि त्यांना छोट्या गाडीत बसवायचे, म्हणूनच हा बेत आखला होता. नेरळला पोहोचल्यावर गाडी बंद असल्याचे कळले. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो, तर तेथून वर मात्र तीच गाडी चालू होती. खाली बंद आणि वर चालू, असे का? पावसाळ्यात तर पर्यटकांची गर्दी असते, मग नेमकी तेव्हाच गाडी बंद का ठेवतात?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : आपली निराशा मी समजू शकतो. वयस्कर माणसाला दिलेला शब्द पाळता आला नाही, की सहलीचा निम्मा आनंद जातो. मात्र गाडी बंद ठेवण्यामागे ठोस कारण आहे आणि ते डोंगराच्या घडणीत दडलेले आहे.

हा मार्ग साधारण २० किलोमीटरांचा आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंचीवर, तर माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही मधली स्थानके; यांतले अमन लॉज हे मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याजवळ. नेरळ ते अमन लॉज हा भाग डोंगराच्या कुशीतून वळणे घेत चढतो. एका अंगाला कापलेला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी, अशी बहुतेक ठिकाणी स्थिती आहे. अमन लॉजपासून पुढे मात्र आपण पठारावर पोहोचलेले असतो आणि शेवटचे सुमारे तीन किलोमीटर झाडीतून, त्या मानाने सौम्य चढउतारांवरून जातात. सह्याद्रीच्या या धारेवर पाऊस कोसळू लागला, की वरच्या जांभ्याची लाल माती आणि सुटलेले दगड रुळांवर येतात, आणि त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे पाणी रुळांखालची खडी व भराव धुऊन नेते. वरून रूळ शाबूत दिसतात आणि खाली आधार उरलेला नसतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या मार्गाची इतकी हानी झाली, की गाडी पुन्हा धावायला मार्च २००७ उजाडला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तेच झाले आणि नेरळपासूनची गाडी २२ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. म्हणूनच जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खालचा भाग दरवर्षी ठरवून बंद ठेवतात. पर्यटक अधिक येतात हे खरे असले, तरी गर्दीने भरलेली गाडी भिजलेल्या उतारावर नेणे कोणत्याही जबाबदार माणसाला मान्य होणार नाही.

आता वरची गाडी चालू का, हा आपल्या प्रश्नाचा दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे. माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाल्यानंतर या बंदीला आणखी बळ मिळाले. आपल्यासाठी ती दोन दिवसांची मौज असते, कारण हॉर्न नाही, धूर नाही आणि पायाखाली लाल माती आहे. परंतु तेथे राहणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने विचार करून पाहावा. गॅसची टाकी, पिठाचे पोते, दूध, भाजी, औषधे, घर दुरुस्तीचे सिमेंट, एवढेच नव्हे तर पाय मोडलेला माणूससुद्धा दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर, हातगाडीवर, हातरिक्षात किंवा डोक्या-खांद्यावर न्यावा लागतो. ई-रिक्षांना न्यायालयाच्या परवानगीने प्रायोगिक सुरुवात झाली तीही २०२२ मध्ये, आणि माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. अशा गावात अमन लॉज ते माथेरान ही तीन किलोमीटरांची शटल गाडी म्हणजे गावाचा रस्ताच आहे. ती प्रवाशांबरोबर पार्सलही नेते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर संपूर्ण सेवा थांबवण्यात आली होती. ती परत आणताना शटल आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सुरू झाली आणि नेरळपासूनची गाडी जानेवारी २०१८ मध्ये. २०१९ च्या नुकसानीनंतरही शटल त्याच डिसेंबरात धावू लागली आणि पूर्ण मार्गाला पुढे जवळपास तीन वर्षे लागली. वरचा भाग दुरुस्त करणे सोपे होते हे एक कारण आहेच, पण ज्याचे घर त्या रुळांच्या टोकाला आहे त्याची गाडी आधी, हा क्रम मला योग्य वाटतो. सासूबाईंना पुन्हा न्यायचे असेल, तर दिवाळीनंतर जावे. नेरळपासूनचा अडीच तासांच्या आसपासचा प्रवास त्यांना अवघडल्यासारखा वाटणार असेल, तर फक्त शटलनेही झाडीचा आणि गाडीच्या मंद गतीचा आनंद मिळतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. उटीच्या गाडीला रुळांमध्ये दाते असलेली पट्टी असते, असे वाचले. माथेरानची गाडी तशीच चढ चढत असूनही तिला दाते नाहीत. मग ती घसरत कशी नाही? आणि रूळ इतके अरुंद का?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : चढ मोजण्याची रेल्वेची रीत प्रथम पाहू. '२० ला १' असा चढ म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर जाणे. अशा चढावर गाडीच्या एकूण वजनाचा सुमारे विसावा हिस्सा तिला मागे ओढत असतो. गाडी ६० टनांची असेल, तर तिला नुसते धरून ठेवायलाच ३ टनांचे बळ लागेल. हे बळ इंजिनाच्या चाकांनी रुळांवरील घर्षणातून मिळवायचे असते. कोरड्या पोलादावर पोलादाची पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी मिळू शकते. ओल, शेवाळ किंवा ओली पाने आली की ती निम्म्याहूनही खाली येते. म्हणून घाटातील इंजिने रुळांवर वाळू सोडण्याची सोय बाळगतात.

माथेरानचा सर्वांत कठीण चढ २० ला १ आहे. नुसत्या घर्षणावर चालणाऱ्या गाडीसाठी हे फारच अवघड काम आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर आपण पुण्याहून मुंबईला जाताना ज्या बोरघाटातून उतरतो, तेथे चढ सुमारे ३७ ला १ आहे आणि तरीही चढत्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानला ते जमते, कारण गाडी लहान आहे, डबे हलके आणि मोजके आहेत व वेग ताशी २० किलोमीटरांच्या आत ठेवला जातो. उटीच्या निलगिरी मार्गावर कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ १२ ला १ पर्यंत जातो. तेथे गाडीच्या वजनाचा बारावा हिस्सा मागे ओढत असल्याने घर्षणावर विसंबता येत नाही. म्हणून दोन्ही रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी बसवली आहे. दोन्ही पट्ट्यांचे दाते एकमेकांसमोर येत नाहीत, थोडे मागेपुढे असतात, त्यामुळे इंजिनाच्या दातेरी चाकाचा एक तरी दाता कायम अडकलेला राहतो. या पद्धतीला आप्ट पद्धत म्हणतात. शिवाय तेथे इंजिन चढाच्या खालच्या बाजूला राहून डबे वर ढकलते, म्हणजे जोडणी तुटली तरी डबे इंजिनावर टेकतील, दरीकडे पळणार नाहीत. कुन्नूरच्या पुढे चढ सौम्य होतो आणि दात्यांची गरज संपते.

रूळ अरुंद ठेवण्याचे कारण वळणांत आहे. माप जितके कमी, तितके तीव्र वळण घेता येते, आणि तीव्र वळण घेता आले की डोंगर कमी फोडावा लागतो, बोगदे कमी लागतात, खर्च कमी होतो. माथेरानच्या रुळांतील अंतर २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आहे आणि संपूर्ण मार्गावर एकच छोटा बोगदा आहे. उलट काल्का-शिमला मार्गाचे माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तेथे ९६ किलोमीटरांत शंभरावर बोगदे खोदावे लागले.

प्रश्न : माझ्या लहानपणी मिरजेहून पंढरपूरला नॅरोगेज गाडी जात असे. आमचे वडील तिला 'बार्शी लाईट' म्हणत. माथेरानची गाडी तिचीच बहीण आहे, असे आमच्या गल्लीतील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी सांगतात. यात तथ्य आहे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, मिरज

उत्तर : सख्खी बहीण म्हणता येणार नाही, पण नाते नक्कीच आहे, आणि हे पत्र वाचून मला व्यक्तिशः फार आनंद झाला. माझे आजोळ सांगोल्याच्या बाजूला होते. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव ही नावे आम्ही मुले पाढ्यांसारखी म्हणत असू.

बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची कल्पना. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा तिचा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये आपल्या मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली. कॅलथ्रॉप यांचा आग्रह असा होता, की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये आणि तो सर्व आसांवर सारखा वाटला जावा. तसे केले, तर हलक्या आणि स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल आणि माणसे नेता येतात. ज्या भागात मोठ्या रेल्वेचा खर्च झेपणार नाही, त्या भागालाही रेल्वे मिळू शकते, हे त्यांनी बार्शीच्या माळरानावर दाखवून दिले.

माथेरानचा मार्ग उभारला तो सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी. सुमारे १६ लाख रुपये खर्चून झालेला हा मार्ग मार्च १९०७ मध्ये खुला झाला, म्हणजे पंढरपूरला रूळ पोहोचल्याच्या पुढच्याच वर्षी. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन आणि कोप्पेल कारखान्यातून जी चार वाफेची इंजिने आली, त्यांच्या आराखड्यात याच कॅलथ्रॉप यांचा हात होता. इंजिनाला तीन आस होते आणि तिन्ही एकमेकांना जोडलेले, तरी पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा सरकू शके. त्यामुळे सहाही चाकांची ओढ मिळे आणि तीव्र वळणावर चाके अडकत नसत. तेव्हा आपले शेजारी सांगतात त्यात तथ्य आहे. मापे वेगळी, मालक वेगळे, पण दोन्ही गाड्यांमागे एकच माणूस उभा होता. आणखी एक गंमत सांगतो. मिरजेच्या जुन्या गाडीचे अडीच फुटांचे माप हेच शिमल्याच्या आणि पठाणकोट-जोगिंदरनगर या कांगडा खोऱ्यातील गाडीचेही माप आहे.

मला मात्र या दोन गाड्यांतले दुसरे साम्य अधिक जवळचे वाटते. आषाढीला मिरजेची गाडी वारकऱ्यांची होत असे आणि उरलेले वर्ष ती कोंबड्यांच्या खुराड्यांसह बाजाराला निघालेल्या बायकांची, कोर्टकचेरीला मिरजेस येणाऱ्या शेतकऱ्यांची आणि आमच्यासारख्या सुट्टीत आजोळी जाणाऱ्या मुलांची असे. यात्रेच्या गर्दीने तिला उत्पन्न दिले असेल, पण तिला वर्षभर जिवंत ठेवले ते ढालगावच्या फलाटावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने. पुढे त्या मार्गाचे ब्रॉडगेज झाले आणि मोठ्या गाड्या आल्या. ते आवश्यकच होते; दुष्काळी पट्ट्याला थेट गाड्या आणि मालवाहतूक मिळण्यापुढे आमच्या आठवणींचे मोल कमी आहे.

प्रश्न : सुट्ट्यांच्या दिवसांत पसरणी घाटात दोन-दोन तास वाहने उभी असतात. आम्हा वाईकरांना स्वतःच्या गावात रस्ता ओलांडणे अवघड होते. वाई-पाचगणी-महाबळेश्वर अशी छोटी रेल्वे का होऊ नये? ती पर्यटकांनाही आवडेल.
— एक वाचक, वाई

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि कल्पनाही वेडगळ नाही. प्रथम नुसता हिशेब करू. वाईपासून पाचगणीपर्यंत उंचीतील फरक साडेपाचशे ते सहाशे मीटरांचा आहे. शिमल्याच्या मार्गाचा ३३ ला १ हा चढ धरला, तर केवळ हा फरक भरून काढायला १८ ते २० किलोमीटर रूळ लागतील; माथेरानचा २० ला १ धरला तर ११-१२ किलोमीटर; आणि उटीसारखी दातेरी पट्टी बसवली तर साधारण ७ किलोमीटरांत काम होईल. रस्त्याने हे अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. पाचगणीच्या पुढे महाबळेश्वरपर्यंत तर डोंगराचा माथाच धरून जाता येते.

परंतु अडचणी हिशेबाच्या बाहेर आहेत. पहिली म्हणजे, वाईला मुळात रेल्वेच नाही. पुणे-मिरज मार्ग आदर्की, वाठार, कोरेगाव असा पूर्वेकडून जातो. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरचे प्रवासी वाठार स्थानकावर उतरून टांग्याने वाईमार्गे वर जात, ते याचमुळे. तळाचे स्थानक मुख्य मार्गाला जोडलेले नसेल, तर पुण्या-मुंबईची मोटार वाईपर्यंत येणारच आणि आपली कोंडी घाटातून निघून गावात येऊन बसेल. दुसरी अडचण अशी, की महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नव्या मार्गासाठी कडे कापणे, झाडे तोडणे आणि भराव टाकणे त्या पावसाच्या प्रदेशात किती जोखमीचे आहे, हे माथेरानच्या अनुभवावरून वर सांगितलेच आहे. शिमल्याच्या मार्गावर ऑगस्ट २०२३ मध्ये समर हिलजवळ दरड कोसळली आणि रुळांखालची जमीन वाहून जाऊन रूळ अधांतरी लोंबत राहिले. तो मार्ग तर १९०३ पासून तेथे आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण लिहिता, की ती पर्यटकांनाही आवडेल. त्यातला 'ही' कोणत्याही आराखड्यात सर्वांत आधी गळतो. एकदा गाडी पर्यटकांसाठी म्हणून आखली, की सकाळी उशिरा निघणारी, जागोजागी फोटोसाठी थांबणारी आणि महागडे तिकीट असलेली गाडी होते. मग सकाळी सात वाजता पाचगणीच्या शाळेत पोहोचायचे असलेल्या शिपायाला, स्ट्रॉबेरीच्या पेट्या वाईच्या बाजारात आणायच्या असलेल्या शेतकऱ्याला आणि हॉटेलात काम करून रात्री घरी परतणाऱ्या मुलीला तिचा काही उपयोग राहत नाही. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ ते इटलीतील तिरानो या बर्निना रेल्वेमार्गाचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. १९१० मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग दात्यांशिवाय २,२५३ मीटरांची उंची गाठतो आणि २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. जगभरचे प्रवासी मोठ्या काचांच्या खास गाडीने तो पाहतात. पण त्याच रुळांवरून दिवसभर साध्या गाड्याही धावतात, त्या खेड्याखेड्यात थांबतात, आणि लाकूड किंवा इंधनाचे मालडबेही त्याच मार्गाने जातात. भर हिवाळ्यात बर्फ बाजूला सारून मार्ग चालू ठेवला जातो, तो खोऱ्यातील माणसांची ये-जा थांबू नये म्हणून.

तोवर रेल्वेची वाट पाहत बसण्यापेक्षा गर्दीच्या दिवसांत वाईच्या बाहेर मोटारी थांबवून घाटात एसटीच्या छोट्या बसची सलग सेवा देणे, आणि त्यात स्थानिकांसाठी पहाटेच्या व रात्रीच्या फेऱ्या राखणे, हा उपाय मला अधिक जवळचा वाटतो. माथेरानला दस्तुरी नाक्यावर जे होते, तेच आपण वाईत बसने करू शकतो. या मागणीसाठी नगरपालिकेकडे निवेदन द्यायचे असल्यास मसुदा तयार करण्यात मी आनंदाने मदत करीन.

प्रश्न : आमच्या शाळेची चाळीस मुलांची सहल डिसेंबरात माथेरानला न्यायची आहे. सांगलीहून कसे जावे? गाडीत सर्वांना एकत्र जागा मिळेल का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : सांगलीहून रेल्वेने पुणे, पुण्याहून कर्जतला थांबणारी गाडी आणि कर्जतहून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी, भिवपुरी रोडनंतरचे स्थानक नेरळ. मुख्य फलाटांना लागूनच छोट्या गाडीचे स्थानक आहे. या गाडीच्या फेऱ्या मोजक्या आणि डबे लहान असतात, म्हणून चाळीस मुले एकाच फेरीत बसतील, असे गृहीत धरू नये. रेल्वेच्या वेळापत्रकाची खात्री करून आधीच्या संध्याकाळी नेरळ किंवा कर्जतला मुक्काम करावा व सकाळी लवकर तिकीट खिडकीवर जावे. वीस मुले नेरळहून गाडीने आणि वीस टॅक्सीने वर, परतताना याच्या उलट, अशी विभागणी केली तर सर्वांना प्रवास घडेल.

शटलबाबत एक विनंती आहे. सकाळची पहिली आणि सायंकाळी गाव परतण्याच्या वेळची फेरी शक्यतो सोडावी, कारण त्या वेळी चाळीस मुले डब्यांत शिरली, तर शाळेचे दप्तर किंवा आठवड्याचा बाजार घेऊन उभे असलेले तेथील लोक फलाटावरच राहतात. दुपारच्या फेऱ्यांना जागा मिळण्याची शक्यता अधिक असते आणि त्या वेळी ऊन झाडीतून गाळून येत असल्याने मुलांना खिडकीतून माकडेही स्पष्ट दिसतात. खाऊचे डबे मात्र पिशवीतच ठेवायला सांगावे, कारण तेथील माकडे उघड्या खिडकीतून हात घालून खाऊ पळवतात.